टॅपेट गप्प झाले, आणि गाडी गरम असताना सुरू होईना

दोन_झडपा

नमस्कार मंडळी,

बाबांची जुनी मोटरसायकल गेली दोन वर्षं मी वापरते आणि जमेल तेवढं काम घरीच करते. इंजिन १०० सीसी, एक सिलेंडर, एअरकूल्ड, कॅम वर हेडमध्ये, दोन व्हॉल्व्ह (हवा-पेट्रोल आत घेणारा इनटेक आणि जळका वायू बाहेर सोडणारा एक्झॉस्ट). रॉकरच्या (कॅमच्या ढकलण्यानं व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफेच्या) व्हॉल्व्हकडच्या टोकाला स्क्रू, म्हणजेच टॅपेट, आणि त्यावर लॉकनट, अगदी साधी रचना.

चार महिन्यांपूर्वी टॅपेटची टकटक वाढली म्हणून एका ठिकाणी गाडी दाखवली. इंजिन गरम होतं तसंच झाकणं उघडली, फिलर गेज (मोकळी जागा मोजायची पातळ पाती) न लावता बोटांनी रॉकर हलवून बघत स्क्रू कसले. गाडी इतकी शांत झाली की मी खूश होते. पण गेल्या महिन्याभरात वेगळाच त्रास सुरू झालाय. सकाळी थंड इंजिन दोन किकमध्ये सुरू होतं. पाच-सात किलोमीटर चालवून बंद केली की मात्र दहा-बारा किका मारल्या तरी घेत नाही. आयडलिंग वरखाली होतं, चढावर ओढ कमी पडते, थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो. प्लग नवीन घातला, कार्ब्युरेटर उघडून जेट साफ केले. फरक शून्य. कॉम्प्रेशन गेज लावलं तर काटा जेमतेम ६ पर्यंत जातो.

मॅन्युअलमध्ये दोन्ही व्हॉल्व्हना ०.०५ मिमी गॅप (स्क्रू आणि व्हॉल्व्ह यांच्यातली मोकळी जागा), इंजिन थंड, असं दिलंय. टॅपेट मी स्वतः कधी सेट केलेले नाहीत. या सगळ्याचा टॅपेटशी संबंध असेल का? आणि मोजायला घेतलं तर सुरुवात कुठून करू?

जुनं_लोखंड

ताई, संबंध असण्याची शक्यता फार मोठी आहे. तुमची लक्षणं एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नसल्याची आहेत. आधी हे मोजा, मग बाकीचं.

टॅपेटची गॅप कशासाठी ठेवतात ते एकदा नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. पोलादाची १०० मिमी लांबीची कांडी १०० अंशांनी तापली की साधारण ०.१२ मिमीनं वाढते. ॲल्युमिनियम त्याच्या जवळपास दुप्पट वाढतं. इंजिनात व्हॉल्व्ह, हेड, रॉकर, कॅम हे सगळे वेगवेगळ्या धातूंचे आणि वेगवेगळ्या तापमानाला. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या चकतीवरून तर जळता वायू वाहतो, तो आजूबाजूच्या हेडपेक्षा कितीतरी जास्त तापतो. ही सगळी वाढ-घट झाल्यावरसुद्धा व्हॉल्व्ह आपल्या सीटवर (हेडमधल्या गोल बैठकीवर) पूर्ण टेकावा, म्हणून मधे ही मोकळी जागा सोडलेली असते. तुमचे ०.०५ मिमी म्हणजे बारीकशा केसाची जाडी. तेवढ्यावर सगळा हिशोब चालतो.

आता गॅप संपली तर काय होतं? स्क्रू व्हॉल्व्हला कायम किंचित दाबून धरतो. व्हॉल्व्ह बंद व्हायला हवा तेव्हा केसभर उघडाच राहतो. कॉम्प्रेशन तिथून निसटतं, म्हणून गरम असताना गाडी घेत नाही. त्याहून वाईट पुढे आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता बाहेर पडायचा मोठा रस्ता म्हणजे सीट. बंद असताना तो सीटला चिकटून बसतो तेवढ्या क्षणात उष्णता हेडमध्ये जाते, उरलेली व्हॉल्व्हच्या दांड्यातून गाइडमध्ये (दांडा सरकतो त्या नळीत). सीटला टेकलाच नाही तर तो रस्ता बंद. वर त्या बारीक फटीतून पेटलेला वायू सुसाट जातो आणि व्हॉल्व्हची कड कुरतडून टाकतो. एकदा कड जळली की टॅपेट सेट करून काही होत नाही, हेड उतरवावं लागतं. म्हणून गाडी अजून फार चालवू नका.

आणखी एक. गॅप नेहमी वाढतच जाते असं पुष्कळांना वाटतं. कॅम, रॉकर आणि स्क्रूचं टोक झिजलं की गॅप वाढते आणि आवाज येतो, हे खरं. पण व्हॉल्व्ह सीटमध्ये खाली बसत गेला की दांडा वर सरकतो आणि गॅप कमी होते. हे होताना आवाज वाढत नाही, उलट कमी होतो. इंजिन गोड वाटायला लागतं, आणि नेमकं तेव्हाच काळजी करायची असते.

आटे_आणि_नट

जुनं_लोखंड काकांनी सगळं सांगितलंच आहे. माझी एकच भर. स्क्रूला हात लावण्याआधी आहे ती गॅप मोजा आणि तारखेसकट, किलोमीटरसकट वहीत लिहा. आपण थेट सेट करून मोकळे होतो, मग इंजिन कुठल्या दिशेनं चाललंय हे कधीच कळत नाही. दर वेळी एक्झॉस्टची गॅप कमी झालेली सापडत असेल तर सीट बसतेय. दर वेळी वाढलेली सापडत असेल तर वरचं काहीतरी झिजतंय.

कान_आणि_हात

मी थोडं वेगळं सांगतो. इतकी वर्षं गाड्या हाताळल्यावर रॉकर बोटांत धरून हलवला की 'टिक' किती वाजते त्यावरून गॅप कळते. फिलर गेज नसताना आम्ही असेच टॅपेट केले आणि गाड्या हजारो किलोमीटर चालल्या. ज्यांनी ताईंची गाडी केली त्यांची चूक गरम इंजिनावर केल्याची आहे, हातानं केल्याची नाही.

जुनं_लोखंड

@कान_आणि_हात, तुमच्या बोटांवर माझा विश्वास आहे. पण रॉकरच्या शाफ्टमध्ये चाल आली असेल तर बोटाला जाणवणारी हालचाल गॅपची असते की शाफ्टवर डुगडुगणाऱ्या रॉकरची? जुन्या इंजिनात दोन्ही एकत्र जाणवतात. शाफ्ट झिजलेला असला की हातानं कसणारा माणूस ती चालही गॅप समजून कसून टाकतो, आणि गॅप शून्यावर जाते. ताईंच्या गाडीत असंच झालेलं असू शकतं. पातं मधे घातलं की ते फक्त स्क्रू आणि दांडा यांच्यातलं अंतर सांगतं.

गरम इंजिनाबद्दल तुमचं बरोबर. मॅन्युअलमधला आकडा ज्या तापमानाचा असतो त्याच तापमानाला तो खरा. या धाटणीच्या इंजिनांना बहुतेक वेळा थंड, म्हणजे ३५ अंशांच्या आत, असं सांगितलेलं असतं. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू न करता उघडायची, हेच उत्तम.

टी_खूण

ताई, पहिल्यांदा करताय म्हणून क्रम सविस्तर लिहिते. मी स्वतः पहिल्या वेळी टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) चुकीचा पकडला होता, त्यामुळे त्या भागावर जास्त लिहितेय.

प्लगच्या आजूबाजूची माती आधी ब्रशनं झाडा, मगच प्लग काढा, नाहीतर खडे आत पडतात. प्लग काढल्यावर इंजिन हातानं सहज फिरतं. हेडवरची दोन्ही टॅपेटची झाकणं काढा. मॅग्नेटोच्या कव्हरवर दोन बूच असतात, मधलं आणि वरचं. मधल्यातून फ्लायव्हीलच्या नटला पाना लागतो, वरच्यातून खुणा दिसतात. इंजिन ज्या दिशेनं चालतं त्याच दिशेला फिरवा. खूण ओलांडून गेली तर मागे आणू नका, पुढची दोन फिरकी पूर्ण करून परत या. काही इंजिनांत कॅमवर ऑटो डिकॉम्प्रेशनची (किक हलकी जावी म्हणून कॉम्प्रेशन कमी करणारी) यंत्रणा असते, उलटं फिरवलं की ती एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जरासा उचलून धरते आणि तुमचं माप चुकतं.

खिडकीत 'टी' अक्षराची रेघ केसवरच्या खाचेसमोर आली की पिस्टन वर आहे. 'एफ' ची रेघ ठिणगीची असते, तिच्यावर थांबू नका. पण पिस्टन चार स्ट्रोकमध्ये दोनदा वर येतो. एकदा कॉम्प्रेशनच्या शेवटी, तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. एकदा एक्झॉस्टच्या शेवटी, तेव्हा एक्झॉस्ट बंद होत असतो आणि इनटेक उघडायला लागलेला असतो, दोघेही किंचित उघडे. आपल्याला पहिला हवा. ओळखायचं असं. इनटेकच्या रॉकरवर नजर ठेवून इंजिन फिरवा. तो खाली जाईल, मग परत वर येईल. तो वर आल्यानंतर जी पहिली 'टी' येईल ती आपली. तिथे दोन्ही रॉकर हलवून बघा, दोघांनाही थोडी चाल असायला हवी. दोन्ही घट्ट असले तर बहुतेक तुम्ही दुसऱ्या टीडीसीवर आहात, एक पूर्ण फेरी फिरवून परत बघा.

मोजताना पातं पुसून घ्या, दांड्याचं टोकही पुसा. तेलाचा थर इतक्या बारीक मापात फरक करतो. ०.०५ चं पातं इतकं नाजूक असतं की ढकललं तर दुमडतं. मी ते आधी मोकळ्या बाजूनं सरकवते आणि मग ओढताना अंदाज घेते. किंचित अडखळत सरकायला हवं, ओल्या दोन काचांमधून कागद ओढल्यासारखं. तरी हाताचा अंदाज माणसागणिक बदलतो, म्हणून दोन पात्यांनी तपासते. ०.०५ जातं आणि ०.०८ अजिबात जात नाही, तर गॅप बरोबर. दोन पाती एकावर एक ठेवून माप जुळवू नका, मधे हवा आणि तेल राहतं.

सेट करताना लॉकनट रिंग पान्यानं ढिला करा, पातं मधे ठेवा, स्क्रू हलक्या हातानं टेकवा. मग स्क्रू तसाच धरून ठेवून नट कसा. इथे सगळे चुकतात. नट कसताना स्क्रू नटबरोबर थोडा फिरला तर गॅप कमी होते. न फिरला तरी नट स्क्रूला आट्यांमधल्या मोकळ्या जागेएवढा वर ओढतो आणि गॅप किंचित वाढते. त्यामुळे कसल्यानंतरचं माप हेच खरं माप. नट कसून परत मोजा, गरज पडली तर परत ढिला करा. मला एका व्हॉल्व्हला चार-पाच वेळा लागतात, त्यात काही गैर नाही.

आटे_आणि_नट

डिकॉम्प्रेशनवरून आठवलं. ज्यांच्या गाडीला हँडलवर किंवा हेडवर हाताचा डिकॉम्प्रेसर लिव्हर आहे, उदाहरणार्थ यामाहाची एक्सटी ५०० किंवा एसआर ५००, त्यांनी आधी त्याच्या केबलला ढील आहे का ते बघा. केबल ताणलेली असेल तर ती एक्झॉस्ट रॉकर आधीच दाबून धरते. मग तुम्ही कितीही काळजीनं मोजा, माप खोटंच येणार.

दोन_झडपा

सगळ्यांचे मनापासून आभार. आज पहाटे उघडलं. जे दिसलं ते लिहिते.

पहिल्यांदा 'टी' जुळवली तेव्हा दोन्ही रॉकर घट्ट लागले आणि पोटात गोळा आला. टी_खूण यांचं वाक्य आठवलं, एक फेरी पूर्ण फिरवली. आता इनटेकचा रॉकर बोटाखाली टिक टिक वाजला. ०.०५ गेलं, ०.०८ गेलं नाही. एक्झॉस्टचा मात्र हलेचना. वर-खाली, आडवा, कसाच नाही. माझ्या गेजमधलं सगळ्यात बारीक पातं ०.०४ चं, तेही शिरेना. स्क्रू दांड्यावर टेकून बसलेला. लॉकनट ढिला करून स्क्रू जरा मागे घेतल्याबरोबर आतून 'टक' असा छोटासा आवाज आला. स्प्रिंगनं व्हॉल्व्ह सीटवर बसवल्याचा असावा.

दोन्ही ०.०५ वर सेट केले. नट कसल्यावर एक्झॉस्ट दोनदा बदललं, तिसऱ्यांदा जमलं. प्लगच्या जागी गेज लावून थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून किका मारल्या. काटा १० च्या वर गेला!

पंधरा किलोमीटर फिरवून, बंद करून, दहा मिनिटांनी परत किक मारली. दुसऱ्या किकला सुरू. आयडल एकसारखं. इतका आनंद झाला की बाबांना बाहेर बोलावून ऐकवलं.

आता एक शंका. एक्झॉस्टच्या बाजूनं टकटक येतेय, इनटेकपेक्षा स्पष्ट जास्त. दोन्हीकडे ०.०५ असताना असं का? परत मोजलं, दोन्हीकडे ०.०५ जातं, ०.०८ जात नाही.

जुनं_लोखंड

ताई, कॉम्प्रेशन परत आलं म्हणजे व्हॉल्व्हची कड अजून शाबूत आहे. वेळेत पकडलंत, फार बरं झालं.

आवाजाचं म्हणाल तर आधी तो टॅपेटचाच आहे का ते ठरवा. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो. आयडलला इंजिन मिनिटाला १२०० फेऱ्या करत असेल तर एक टॅपेट मिनिटाला ६०० वेळा वाजतो, सेकंदाला १०. खालचा, क्रँककडचा आवाज बहुतेक वेळा क्रँकच्या वेगानं येतो, म्हणून घाईघाईचा वाटतो. कॅम चेनचा आवाज एक ठोका नसून खरखर असते आणि थ्रॉटल सोडताना जास्त कळते. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक एक्झॉस्टच्या झाकणाजवळ आणि मूठ कानाच्या हाडाला लावून ऐका.

कान_आणि_हात

ताई, आवाज बंद करायला परत कसू नका, एवढंच सांगतो. मागच्या वेळी त्यातूनच हे सगळं झालं. जरा आवाज असलेला टॅपेट मी कधीही पत्करेन. काकांचं रॉकर शाफ्टबद्दलचं म्हणणं मला पटलं, मी आजवर त्या बाजूनं विचार केला नव्हता. माझ्याकडच्या एका इंजिनाचा शाफ्ट काढून बघितला, अंगठ्याखाली पायरी लागते. यापुढे पातं लावीन.

सूक्ष्ममापी

@दोन_झडपा, स्क्रू पूर्ण काढून त्याचं टोक आणि व्हॉल्व्हच्या दांड्याचं टोक टॉर्चखाली बघा. मला वाटतं उत्तर तिथे आहे.

नवीन असताना स्क्रूचं टोक गुळगुळीत गोलसर असतं आणि दांड्याचं टोक सपाट. वर्षानुवर्षं ठोके बसून दांड्याच्या मधोमध एक उथळ खळगा पडतो, स्क्रू त्या खळग्यात बसतो. आता तुम्ही पातं घालता तेव्हा काय होतं? पातं सपाट आणि रुंद असल्यामुळे ते खळग्यात उतरत नाही, खळग्याच्या काठांवर पुलासारखं टेकून राहतं. तुम्ही मोजता ते काठापासूनचं अंतर. स्क्रू प्रत्यक्षात ठोका मारतो तो खळग्याच्या तळाला. म्हणजे खरी गॅप अशी:

पात्याचं माप + खळग्याची खोली

पातं ०.०५ दाखवतं आणि खरी गॅप ०.१० किंवा त्याहून जास्त असू शकते. आवाजाचं कारणही कॅममध्येच आहे. कॅमच्या उंचवट्याआधी एक हलका चढ दिलेला असतो. गॅप त्या चढावर हळूच संपावी आणि मगच व्हॉल्व्ह वेगानं उघडावा अशी ती योजना. गॅप मोठी झाली की तो हलका चढ वाया जातो, स्क्रू चढ संपल्यावर वेगात असताना दांड्यावर आपटतो. तोच तुमचा 'टक'. अशानं खळगा आणखी खोल होतो. व्हॉल्व्ह उशिरा उघडतो, लवकर बंद होतो, तो तोटा वेगळाच.

मोजायचे दोन मार्ग आहेत. डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मापयंत्र) असेल तर त्याची सुई रॉकरच्या टोकावर, स्क्रूच्या अगदी जवळ टेकवा आणि रॉकर वर-खाली हलवून काटा किती फिरतो ते वाचा. सुई मागे, शाफ्टकडे सरकली तर माप कमी भरतं. आणि हलवताना आडवं ढकलू नका, नाहीतर शाफ्टची चालही मोजली जाईल.

डायल गेज नसेल तर आट्यांचा हिशोब वापरा. स्क्रू काढलेला असतानाच दहा आट्यांची लांबी कॅलिपरनं मोजा. ५ मिमी भरली तर पिच ०.५ मिमी. म्हणजे स्क्रू एक पूर्ण फेरी फिरवला की ०.५ मिमी सरकतो, आणि ०.०५ मिमीसाठी फेरीचा दहावा भाग, ३६ अंश. पिच ०.७५ असेल तर त्याच गॅपला २४ अंश. स्क्रू बोटांनी टेकेपर्यंत आत घ्या, तिथून तेवढे अंश मागे. हे गणित स्क्रू व्हॉल्व्हच्या बाजूला असेल तेव्हा सरळ लागू पडतं. स्क्रू पुशरॉडच्या (खालच्या कॅमची ढकल वर रॉकरपर्यंत नेणाऱ्या कांडीच्या) बाजूला असलेल्या इंजिनात रॉकरच्या दोन भुजांचं गुणोत्तर मधे येतं, तिथे हे अंश जसेच्या तसे वापरू नका.

टी_खूण

सूक्ष्ममापींच्या पद्धतीत एक काळजी घ्या. 'टेकणं' म्हणजे रॉकरची चाल नुकतीच संपणं. स्क्रू ड्रायव्हरवर जोर दिला तर स्प्रिंग दाबली जाते आणि शून्यच चुकतं. स्क्रू दोन बोटांत धरून फिरवा, दुसऱ्या हातानं रॉकर हलवत राहा. टिक थांबली की ते शून्य.

डबडब

मधेच विचारतो, धागा वाचून राहवलं नाही. माझ्याकडे जुनी, बिडाच्या सिलेंडरची बुलेट ३५० आहे. तिथे वर स्क्रू दिसतच नाही, आणि कोणी म्हणतं फिलर गेज लागतच नाही. खरं आहे का?

जुनं_लोखंड

खरं आहे. त्या इंजिनात कॅम खाली, पुशरॉड लांब, आणि ॲडजस्टर पुशरॉडच्या खालच्या टोकाला. उजव्या बाजूला सिलेंडरच्या पायथ्याशी छोटं झाकण आहे, ते एका नटवर आहे, ते काढलं की दिसतात. दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, कॉम्प्रेशनच्या टीडीसीला, इंजिन पूर्ण थंड. पुशरॉड दोन बोटांनी सहज गरगर फिरायला हवा, पण वर-खाली हलता कामा नये. हीच तिथली 'शून्य गॅप'. इंजिन तापलं की सिलेंडर आणि हेड उंचावतात, आणि लागणारी मोकळी जागा तिथून मिळते. म्हणून थंड असताना सोडावी लागत नाही. नट कसल्यावर पुशरॉड परत फिरवून बघायचं, हा नियम तिथेही तोच.

याचा अर्थ एवढाच की एका इंजिनाचा आकडा दुसऱ्याला लावू नये. होंडाच्या १९६९ च्या सीबी ७५० ला इनटेक ०.०५ आणि एक्झॉस्ट ०.०८. एक्सटी ५०० ला ०.१० आणि ०.१५. आपल्या इंजिनाचं मॅन्युअल हाच शेवटचा शब्द.

चारी_सिलेंडर

माझी गाडी कावासाकी झेड १ च्या भावंडांपैकी एक आहे, तिथे स्क्रूच नाही. कॅमखाली बकेट (व्हॉल्व्हवर उपडी बसणारी छोटी वाटी), बकेटवर शिम (ठरावीक जाडीची चकती). मोजणं तेच, बदलणं वेगळं. कॅमचा उंचवटा शिमपासून लांब तोंड करून असताना मोजायचं. हिशोब असा:

नवी शिम = जुनी शिम + मोजलेली गॅप − हवी ती गॅप

माझ्या एका एक्झॉस्टला ०.०३ निघाली, हवी होती ०.०८, जुनी शिम २.७० ची. उत्तर २.६५. शिमवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका, मायक्रोमीटरनं मोजा, झिजलेली असते. आणि आकड्याची बाजू खाली, बकेटकडे ठेवा, म्हणजे कॅम घासून आकडा पुसला जात नाही.

एकापेक्षा जास्त कार्ब्युरेटर असलेल्यांसाठी क्रमही महत्त्वाचा आहे. आधी टॅपेट, मग इग्निशन टायमिंग, सगळ्यात शेवटी कार्ब्युरेटरचं सिंक्रोनायझेशन, म्हणजे सगळे एकसारखे चालतील असं जुळवणं. उलट केलंत तर सगळं परत करावं लागतं.

दोन_झडपा

@सूक्ष्ममापी, तुम्ही सांगितलं तसंच निघालं.

काल रात्री इंजिन थंड होऊ दिलं, आज सकाळी परत उघडलं. कॅम चेनच्या बाजूनं काही आत पडू नये म्हणून फडकं कोंबून ठेवलं, मगच लॉकनट काढला. एक्झॉस्टच्या स्क्रूचं टोक गोल उरलेलंच नव्हतं, एका बाजूला चकचकीत सपाट झालं होतं. दांड्याच्या टोकाला मधोमध आरशासारखी चमकणारी वाटी. नखाला लागते न लागते इतकी उथळ, पण टॉर्च तिरपा धरला की कडा स्पष्ट दिसतात. इनटेकचा दांडा तुलनेनं सपाट आहे.

आटे मोजले, दहा आट्यांना ५ मिमी. पुठ्ठ्याची चकती कापून तिच्यावर कोनमापकानं अंश आखले, मधे भोक पाडून ती स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्यावर बसवली आणि झाकणाच्या भोकाच्या कडेला मार्करनं एक खूण केली. आधी जुनाच स्क्रू परत लावून पात्यानं ०.०५ ला सेट केला, मग टी_खूण म्हणतात तसा रॉकर हलवत हलवत तिथून शून्यापर्यंत किती अंश लागतात ते बघितलं. तीन वेळा केलं. ७८, ८२, ८०. म्हणजे पातं ०.०५ म्हणत होतं तेव्हा खरी गॅप ०.११ होती.

एक्झॉस्टला नवीन स्क्रू लावलाय. दांड्यातली वाटी तशीच राहणार हे माहीत आहे. शून्यापासून ३६ अंश मागे घेऊन, स्क्रू धरून, नट कसला. कसल्यावर परत तपासायचं कसं हा प्रश्न होता, कारण पातं इथे चालत नाही. डायल गेज मागून आणलं आणि सुई रॉकरच्या टोकावर टेकवली. पहिल्यांदा ०.०७ दाखवलं, नटनं स्क्रू वर ओढला असणार. ढिला करून ३० अंशांवर धरला आणि कसला, तेव्हा ०.०५.

आवाज आता दोन्हीकडचा सारखा आहे. ऐकू येतो, पण झाकणाला कान लावला तर.

सूक्ष्ममापी

फार सुंदर काम केलंत. तीन वेळा मोजून तिन्ही आकडे लिहिलेत ते विशेष आवडलं.

दांड्यातली वाटी ऑइलस्टोननं घासून सपाट करायचा मोह होईल, तो आवरा. टोकावरचा कडक थर पातळ असतो, तो गेला की खालचा मऊ धातू झपाट्यानं झिजतो, आणि घासलेला कीस थेट इंजिनात जातो. पुढे कधी हेड उतरेल तेव्हा व्हॉल्व्ह मशीनवर टोक किंचित फेस करून घ्या किंवा व्हॉल्व्हच बदला. तोवर या व्हॉल्व्हला पातं नाही, डायल गेजच. वहीत ठळक लिहून ठेवा, म्हणजे पुढे दुसऱ्या कोणाच्या हाती गाडी गेली तरी त्याला कळेल.

जुनं_लोखंड

आणि ५०० किलोमीटरनंतर एकदा परत मोजा ताई. चार महिने व्हॉल्व्ह अर्धवट बसत होता, आता पूर्ण बसायला लागल्यावर सीटवर थोडा स्थिरावेल, गॅप जराशी कमी होऊ शकते. एक्झॉस्ट पुन्हा पुन्हा कमी होत गेला तर मात्र सीट खाली जातेय असं समजा. जुन्या, बिडाच्या हेडमध्येच कोरलेल्या सीटच्या इंजिनांत हे जास्त होतं. पूर्वी पेट्रोलमधल्या शिशाचा थर व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यामध्ये गादीचं काम करायचा. शिसं गेलं ते आरोग्यासाठी चांगलंच झालं, पण अशा मऊ सीट उघड्या पडल्या.

दोन_झडपा

५०० किलोमीटर झाले, वचन दिल्याप्रमाणे आकडे टाकते. रात्रभर उभी गाडी, कॉम्प्रेशनचा टीडीसी, एकदम थंड.

इनटेक: ०.०५ जातं, ०.०८ जात नाही.
एक्झॉस्ट, डायल गेजवर: ०.०४.

०.०१ कमी झालंय. स्क्रूला हात लावला नाही. वहीत लिहिलंय, पुढचं माप १००० किलोमीटरला. कॉम्प्रेशन साडेदहा. टॅपेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करनं 'एक्झॉस्ट – डायल गेज' असं लिहून ठेवलंय. बाबा म्हणाले तेलानं पुसलं जाईल, म्हणून त्यांनी नंतर ते टोचणीनं कोरून दिलं.